पोटासाठी दहा मिनिटांचा पिलाटेस व्हिडिओ कसा वापरायचा

पिलाटेस म्हणजे श्वासाबरोबर, हालचाल ताब्यात ठेवून चटईवर करायचे व्यायाम. त्यातला पोटाच्या व्यायामाचा व्हिडिओ लावून दहा मिनिटं घाम गाळला आणि दुसऱ्या दिवशी पोटाऐवजी मान धरली, असं झालं तर पहिला संशय फोनवर घ्यावा. उताणं झोपून डोकं उचललेलं असताना पडद्याकडे बघायला मान वळवली, की चार-पाच किलोचं डोकं मानेच्या स्नायूंना वाकड्या स्थितीत तोलून धरावं लागतं. शिकवणारीला हा त्रास होत नाही, कारण तिला कुठेच बघायचं नसतं. म्हणून असा व्हिडिओ आधी खुर्चीत बसून बघावा, त्यातला क्रम पाठ करावा आणि चटईवर गेल्यावर तो फक्त ऐकावा. यात पहिले दोन दिवस व्यायाम कमी आणि अभ्यास जास्त होतो. ते दोन दिवस वाया जात नाहीत.

कोणता व्हिडिओ घ्यायचा

आठ ते बारा मिनिटांचा पुरे. नवख्या पोटाला नीट काम दिलं तर यापेक्षा जास्त वेळ ते टिकतही नाही. निवडताना शिकवणारीच्या पोटाकडे बघू नये, तिच्या बोलण्याकडे लक्ष द्यावं. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा हे ती प्रत्येक व्यायामात सांगते का? डोकं खाली ठेवून किंवा पाय जमिनीवर ठेवून करायचा सोपा प्रकार दाखवते का? कॅमेरा बाजूने आहे का? समोरून किंवा वरून घेतलेल्या चित्रात कंबर चटईला टेकली आहे की उचलली आहे ते दिसतच नाही, आणि पोटाच्या व्यायामात तेच बघायचं असतं.

दहा मिनिटांत सहा ते आठ व्यायाम असावेत. पंधरा-सोळा व्यायाम कोंबलेले असतील तर एक स्थिती जमेपर्यंत दुसरी सुरू होते. सगळेच व्यायाम डोकं उचलून पुढे वाकण्याचे असतील तर तोही व्हिडिओ सोडावा. मध्ये एखादा प्लँक (पालथं होऊन हातांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ धरणं), एखादा कुशीवरचा प्रकार आणि एखादा ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून नितंब वर उचलणं) हवा. ‘सात दिवसांत सपाट पोट’ असं लिहिलेलं असेल तर पुढे जावं. एखाद्या भागाचे स्नायू वापरले म्हणून नेमकी तिथलीच चरबी जळत नाही. या व्यायामातून ताकद मिळते आणि धड स्थिर ठेवण्याची क्षमता वाढते. पोटाचा घेर ही बरीचशी आहाराची आणि एकूण हालचालीची गोष्ट आहे.

एकदा निवडला की तोच व्हिडिओ चार ते सहा आठवडे ठेवावा. रोज नवा व्हिडिओ समोर येतो आणि रोज नवा करावासा वाटतो, पण मग रोज पहिलाच दिवस असतो.

चटई, फोन आणि वेळ

योगाची नेहमीची चटई ४ ते ६ मिलिमीटर जाड असते. पाठीवर गोल फिरण्याच्या व्यायामात मणके जमिनीला टोचतात, म्हणून पिलाटेसच्या चटया १० ते १५ मिलिमीटर जाड बनवतात. नवी घ्यायलाच हवी असं नाही. आहे त्या चटईखाली घोंगडी दुमडून घातली तरी चालतं. गादीवर मात्र करू नये. गादी कमरेखाली दबते आणि कंबर कुठे आहे याचा अंदाजच येत नाही.

फोन पायांच्या पलीकडे, स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवावा. डोकं उचलल्यावर नजर साधारण तिकडेच जाते, मान वळवावी लागत नाही. प्लँकच्या वेळी तोच फोन हातांच्या थोडा पुढे जमिनीवर आडवा ठेवता येतो. आवाज मोठा ठेवावा. वायरचे इअरफोन हातात अडकतात. खेळवण्याचा वेग ०.७५ करावा. आवाज थोडा जड येतो, पण हालचालीला वेळ मिळतो. बोलणं फारच विचित्र वाटत असेल तर वेग नेहमीचा ठेवून शिकवणारी दोनदा करेल तेव्हा तुम्ही एकदा करा.

डावं-उजवं यात फार अडकू नये. काही व्हिडिओंत चित्र आरशासारखं उलटं असतं. दोन्ही बाजू सारख्या वेळा झाल्या की झालं. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत आणि सुरू करण्याआधी लघवीला जाऊन यावं. भरलेल्या मूत्राशयावर ओटीपोट आवळायला कोणालाच जमत नाही.

व्हिडिओ सुरू करण्याआधीची दोन मिनिटं

छोट्या व्हिडिओत बहुतेक वेळा गाळलं जातं ते हेच, आणि सगळं बिघडतं तेही इथेच.

उताणं झोपा. गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर ठेवा, दोन्ही पायांत कमरेइतकं अंतर राहू द्या. तळहातांच्या टाचा कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर आणि बोटांची टोकं खाली, ओटीपोटाखालच्या मधल्या हाडावर टेकवा. हातांचा हा त्रिकोण सपाट असायला हवा. त्यावर पाण्याची थाळी ठेवली तर पाणी ना बेंबीकडे सांडावं, ना पायांकडे. या स्थितीत कमरेखाली बोटं सरकतील एवढी पोकळी राहते. हीच कण्याची नैसर्गिक स्थिती.

आता हात बरगड्यांच्या बाजूंना ठेवा. नाकाने श्वास घ्या आणि तो पोट फुगवण्याऐवजी बरगड्या बाजूला आणि मागे रुंदावण्यासाठी वापरा. ओठ थोडे आवळून तोंडाने श्वास सोडा. सोडताना बरगड्या एकमेकींजवळ येतील आणि शेवटी शेवटी कंबर चहूबाजूंनी किंचित आवळल्यासारखी वाटेल. आवळतोय तो पोटाचा सर्वांत आतला, आडवा स्नायू. तो कमरपट्ट्यासारखा पाठीपासून पुढपर्यंत येतो. त्याच्यावर तिरप्या स्नायूंचे दोन थर असतात आणि मधोमध, बरगड्यांपासून खाली जाणारा उभा स्नायू. आरशात ज्याचे चौकोन दिसतात तो हा उभा. झोपलेल्या स्थितीतून नुसतं भराभर उठत-बसत राहिलं तर काम बहुतेक त्याच्याच वाट्याला जातं.

आतला स्नायू लागतोय का हे तपासता येतं. कमरेच्या टोकदार हाडांपासून दोन बोटं आत आणि थोडं खाली बोटांची टोकं हलकेच दाबा. खोकलात तर तिथला भाग बोटांना बाहेर ढकलेल. आता न खोकता हळू श्वास सोडा. बोटांखाली ताण आला पण बाहेर ढकललं गेलं नाही, तर बरोबर. घट्ट विजारीची चेन ओढायला पोट जेवढं आत घेतो तेवढाच जोर पुरतो, पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. बेंबी पाठीला चिकटवण्याच्या नादात श्वास कोंडला की आतला दाब वाढतो आणि तो पोटाच्या भिंतीला बाहेर आणि ओटीपोटाच्या तळाला खाली ढकलतो. नेमकं हवं त्याच्या उलट.

डोकं आणि पाय उचलण्याची रीत

डोकं उचलण्याआधी ‘हो’ म्हणताना हलवतो तशी मान अगदी थोडी हलवा. हनुवटी आणि छाती यांत एका मुठीची जागा ठेवा. मग श्वास सोडत आधी बरगड्या कमरेकडे सरकवा. डोकं आणि खांदे त्यांच्यामागून आपोआप वर येतील. खांद्यामागच्या त्रिकोणी हाडांची खालची टोकं चटईला टेकलेली राहतील एवढंच उठायचं. हात डोक्यामागे असतील तर बोटं एकमेकांत अडकवू नका, नाहीतर थकल्यावर आपण डोकं ओढतो. डोक्याचं वजन हातांत सोडा आणि कोपरं डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतील इतकीच उघडी ठेवा.

तरीही पोटाआधी मान थकली तर डोकं खाली ठेवून फक्त पायांचं काम चालू ठेवा. यात लबाडी काही नाही. मानेच्या पुढचे खोल स्नायू बहुतेकांचे कमजोर असतात आणि त्यांना पोटाच्या बरोबरीने यायला काही आठवडे लागतात.

पाय उचलताना गुडघे नितंबांच्या थेट वर, नडग्या जमिनीला समांतर. व्हिडिओत याला टेबलटॉप म्हणतात. एकेक पाय आणा, प्रत्येक वेळी श्वास सोडत. दोन्ही एकदम उचलले की कंबर कमान करते. कारण साधं आहे: मांडी उचलणारा एक मोठा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि पायाचं वजन आलं की त्या मणक्यांना पुढे खेचतो. पोटाने त्यांना धरून ठेवायचं असतं. पोट कमी पडलं की कंबर उचलली जाते, आणि ‘पोटाच्या व्यायामाने कंबर दुखते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

स्वतःची मर्यादा अशी शोधा. कमरेखाली हात सरकवा, पोट हलकं आवळून हातावर थोडा दाब आणा आणि मग एक पाय हळूहळू खाली न्या. दाब कमी झाल्याचं ज्या क्षणी जाणवेल, त्याच्या चार बोटं वर तुमची आजची सीमा. व्हिडिओत पाय जमिनीपासून वीतभर असला तरी तुमचा तिथेच थांबायला हवा. दोन्ही पाय हवेत असताना नवख्या माणसाने कंबर चटईवर किंचित दाबलेली ठेवली तरी चालते. नैसर्गिक पोकळी राखून ते करणं ही पुढची पायरी.

ठरलेले व्यायाम आणि त्यांतल्या ठरलेल्या चुका

टो टॅप बऱ्याच व्हिडिओंत सुरुवातीला असतो आणि सोपा म्हणून उरकला जातो. टेबलटॉपमधून एका पायाचा अंगठा जमिनीला टेकवून परत आणायचा, गुडघ्याचा कोन न बदलता. खाली जाताना श्वास घ्या, वर येताना सोडा, प्रत्येक बाजूला आठ वेळा. गुडघा उघडत गेला तर पाय लांब होतो आणि कमरेवरचा भार वाढतो. टेकवलेल्या पायावर वजन टाकून त्याला क्षणभर विश्रांती द्यायचा मोह होतो; तो टाळा. नुसता स्पर्श.

हंड्रेड म्हणजे पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, अशा दहा फेऱ्या. त्या काळात सरळ हात वीतभर खाली-वर होत राहतात, म्हणून शंभर. हात खांद्यापासून हलायला हवेत, मनगटातून नाही. धड इतकं स्थिर हवं की हात हलताना डोकं हलणार नाही. व्हिडिओत पहिल्याच दिवशी शंभर करायला लावतात, पण ही पद्धत घडवणाऱ्या खुद्द जोसेफ पिलाटेस यांनी १९४५ मध्ये लिहिताना २० हालचालींपासून सुरुवात करून दर वेळी ५ वाढवत १०० पर्यंत जायला सांगितलं होतं. त्यांनी आपल्या पद्धतीला दिलेलं नाव कंट्रोलॉजी होतं, म्हणजे ताब्यात ठेवण्याचं शास्त्र. वेगाने केलं की तो ताबाच सुटतो.

सिंगल लेग स्ट्रेचमध्ये एक गुडघा छातीकडे, दुसरा पाय लांब, आणि मग अदलाबदल. इथे सायकल चालवल्यासारखा झोका येतो आणि कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते. उपाय एकच: अदलाबदलीच्या मध्ये दोन्ही गुडघे क्षणभर एकत्र आणा. लांब केलेला पाय छताकडे जितका उंच तितकं सोपं. प्रत्येक बाजूला आठ ते दहा. डबल लेग स्ट्रेचमध्ये हात आणि पाय एकाच वेळी लांब जातात, त्यामुळे भार अचानक वाढतो. पहिले दोन आठवडे त्यात फक्त पाय लांब करा, हात डोक्यामागे राहू द्या.

क्रिस-क्रॉसमध्ये कोपर गुडघ्याला लावायची स्पर्धा सुरू होते. कोपराला गुडघ्याशी काही देणंघेणं नाही. एका बाजूच्या बरगड्या विरुद्ध बाजूच्या कमरेच्या हाडाकडे वळायला हव्यात. दोन्ही कोपरं उघडीच राहतात आणि वळतं ते छातीसकट धड. प्रत्येक बाजूला दोन मोजेपर्यंत थांबा. सहा-सहा नीट झाले तर वेगाने केलेल्या वीसपेक्षा पोटाच्या कडा जास्त भरून येतात.

सगळ्यांत जास्त लोक अडतात ते रोल-अपला. उताणं झोपून पाय सरळ ठेवून एकेक मणका उचलत उठून बसायचं असतं. अर्ध्यावर शरीर अडतं, पाय हवेत उडतात आणि मग हातांच्या झटक्याने वर यायचं. हा झटका पोट ज्या टप्प्यावर कमजोर आहे नेमका तोच टप्पा ओलांडून जातो, त्यामुळे महिनाभर झटक्याने करूनही तिथे काही फरक पडत नाही. अशा वेळी व्यायाम उलटा करा. गुडघे वाकवून बसा, हातांनी मांड्यांच्या मागे धरा, शेपटीचं हाड आत वळवून कमरेला गोल आकार द्या आणि श्वास सोडत हळूहळू मागे जा. कंबर चटईला लागेपर्यंत किंवा पाय उचलले जातील असं वाटेपर्यंत जायचं, तिथे एक श्वास थांबायचं, आणि पुढच्या उच्छ्वासावर परत यायचं. यायला जमत नसेल तर हातांनी मांड्या ओढून या. खाली जाताना स्नायू ताणाखाली लांब होत असतो, आणि तेवढ्यानेही ताकद वाढते. सहा ते आठ वेळा, जाताना किमान पाच मोजून. हातांची मदत कमी कमी होत गेली की एक दिवस रोल-अप आपोआप जमतो. तोही आधी गुडघे थोडे वाकवून करावा.

प्लँक कोपरांवर, कोपरं खांद्यांच्या थेट खाली. कंबर झोळीसारखी खाली पडू लागली की वेळ संपली, घड्याळ काहीही म्हणो. वीस सेकंद नीट, दहा सेकंद विश्रांती, पुन्हा वीस. गुडघे टेकवून केला तरी पोटाला काम मिळतं.

थरथर, जळजळ आणि दुखणं

स्नायू थरथरणं ठीक. पोटात जळजळ, दुसऱ्या दिवशी हसताना-खोकताना पोट दुखणं, तेही ठीक; दोन-तीन दिवसांत जातं. कमरेत तीक्ष्ण कळ, कळ पायात उतरणं, जांघेत ओढ किंवा फुगवटा, चक्कर: यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशी थांबा आणि पुन्हा तसंच झालं तर डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट डोळ्यांनी बघायची असते. डोकं उचलल्यावर बेंबीच्या रेषेत, पोटाच्या मधोमध उभा उंचवटा तंबूसारखा वर येतो का? तसं झालं तर त्या हालचालीचा भार पोटाच्या भिंतीला पेलत नाही. श्वास सोडून, भार कमी करून बघा, आणि तरी येतच असेल तर तो व्यायाम सध्या गाळा. बाळंतपणानंतर पोटाच्या उभ्या स्नायूंच्या दोन पट्ट्यांत अंतर पडलेलं असू शकतं. डोकं किंचित उचलून बेंबीजवळ त्या अंतरात दोनपेक्षा जास्त बोटं बसत असतील, तर व्हिडिओआधी फिजिओथेरपिस्टकडे जावं.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी पुढे वाकून उठण्याचे व्यायाम करूच नयेत. वाकलेल्या कण्यावर भार आला की मणका दबून मोडू शकतो. त्यांच्यासाठी डोकं खाली ठेवून केलेला टो टॅप आणि ब्रिज बरे. कमरेची गादी सरकलेली असेल, हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया किंवा सिझेरियन झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांनंतर बराच वेळ उताणं झोपून व्यायाम करणं टाळतात. रक्तदाब वाढलेला असेल तर श्वास कोंडणं अजिबात नको.

सहा आठवडे कसे वाटायचे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पहिल्या आठवड्यात बसून व्हिडिओ बघणं, कागदावर क्रम लिहिणं आणि पहिले तीन-चार व्यायाम. दुसऱ्यात सगळा व्हिडिओ, पण हवं तिथे थांबवत. तिसऱ्या-चौथ्यात न थांबवता, सोप्या प्रकारांसह. पाचव्या-सहाव्यात एका वेळी एकच सोपा प्रकार अवघड करा: कधी पाय थोडा खाली, कधी हात मोकळे. सगळं एकाच दिवशी अवघड केलं तर बिघडलं कशामुळे तेच कळत नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जी सुधारणा जाणवते, ती मुख्यतः मेंदू त्या स्नायूंना वेळेवर कामाला लावायला शिकतो त्याची. स्नायू भरायला सहा-आठ आठवडे तरी जातात. म्हणून आरशापेक्षा मोजमापावर भरवसा ठेवावा. दर पंधरा दिवसांनी फोन बाजूला, जमिनीच्या उंचीवर ठेवून स्वतःचं एक मिनिटाचं चित्रण करा. कंबर न उचलता किती टो टॅप झाले, मागे जाताना हातांची किती मदत लागली आणि प्लँकमध्ये कंबर कितव्या सेकंदाला पडली, एवढं लिहून ठेवा.

आकडे दोन वेळा पुढे सरकले नाहीत, तर आधी वेग तपासा. बहुतेक वेळा व्हिडिओच्या तालाशी जुळवून घेताना शेवटच्या तीन-चार आवर्तनांत घाई झालेली असते. तीच आवर्तनं कमी करून सावकाश करा. तरी फरक पडला नाही, किंवा सगळा व्हिडिओ पूर्ण वेगात, अवघड प्रकारांसह, श्वास न अडता होऊ लागला, तर पुढचा व्हिडिओ निवडायची वेळ आली. तोही आधी बसून बघायचा.